टाकाऊ विषाचे भोगवटादार

बंगळूर शहराच्या वायव्येस मल्लेश्वरम नावाची एक जुनी वस्ती आहे. १८९८ साली शहरात प्लेगची साथ आली. त्यानंतर दाट पेठांतील लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून ज्या वसाहती वाढीस लागल्या, त्यांत मल्लेश्वरम ही एक प्रमुख वसाहत होय. तिला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून. कानडीत काडु म्हणजे रान. हा रानातला मल्लेश्वर. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव या देवळाशी जोडलेले असल्यामुळे मराठी माणसालाही ते परके वाटत नाही. देवळासमोरच नंदीतीर्थ आहे. तेथे नंदीच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडत असते आणि पुढे पुष्करिणीत उतरते. वृषभावती नदीचा एक उगम येथे आहे, अशी लोकांची श्रद्धा आहे. वृषभाच्या मुखातून निघालेली, म्हणून वृषभावती.

हीच वृषभावती शहराच्या पश्चिम अंगाने वाहत जाते, बिडदीजवळच्या बैरमंगल तलावात शिरते, पुढे अर्कावतीस मिळते आणि अर्कावतीबरोबर अखेर कावेरीत जाते. देवळापाशी तीर्थ असलेले हे पाणी वस्ती ओलांडेपर्यंत काळे झालेले असते. शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळते, आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणांचे पाणीही मिसळते. पीण्यात धातूंवर मुलामा चढविणारे अनेक लहान कारखाने आहेत आणि तेथील भूजलात क्रोमियम आढळलेले आहे. बैरमंगलच्या खाली जो शेतकरी या पाण्यावर पीक काढतो, त्याने यांतील एकही कारखाना पाहिलेला नसेल. पण कारखान्यांनी टाकलेले द्रव्य त्याच्या वाफ्यापर्यंत येऊन पोहोचते.

या नदीचा नाश कोणा एका दुष्ट माणसाने केला, असे मुळीच नाही. अनेक हातांनी, थोडे थोडे करून, 'एवढ्याने काय होणार' असे म्हणत तो केला. कोणी मोरीत थोडे आम्ल ओतले, कोणी मोटारीचे जळके तेल गटारात सोडले, कोणी रसायनाचा रिकामा पिंप भंगारवाल्याला विकला. प्रत्येकाच्या दृष्टीने ती वस्तू त्याच क्षणी संपली. वस्तुतः ती संपत नाही. तिचा धनी तेवढा नाहीसा होतो. घातक कचऱ्याविषयीचे जे नियम आपल्या देशात आहेत, त्यांचे सगळे मर्म या एका गोष्टीत साठलेले आहे. टाकाऊ विषाला शेवटपर्यंत धनी असला पाहिजे, हे ते मर्म होय.

प्रथम घातक कचरा म्हणजे काय, ते पाहू. भाजीची देठे, कागद किंवा राख यांना आपण कचरा म्हणतो. पण त्यांच्यामुळे कोणी मरत नाही. जो पदार्थ सहज पेट घेतो, जो कातडी किंवा धातू खातो, जो दुसऱ्या पदार्थाच्या नुसत्या संगतीने भडकतो किंवा विषारी वायू सोडतो, अथवा जो शरीरात शिरून अपाय करतो, तो टाकून द्यावयाची वेळ आली की घातक कचरा ठरतो. मोटार दुरुस्त करणाराचे वापरलेले तेल, छापखान्याची शाई धुतलेला द्राव, मुलाम्याच्या हौदातील गाळ, प्रयोगशाळेतील उरलेले आम्ल आणि ही द्रव्ये ज्यांत होती ते रिकामे डबेसुद्धा याच वर्गात मोडतात.

मल्लेश्वरमसारख्या सुखवस्तू वस्तीत असा कचरा कोठून येणार, असे कोणास वाटेल. परंतु हा विषय केवळ धुराड्यांच्या कारखान्यांचा नाही. या वस्तीला लागूनच जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे घरही मल्लेश्वरममध्येच होते. जेथे विद्या आहे तेथे प्रयोगशाळा असावयाची आणि जेथे प्रयोगशाळा आहे तेथे उरलेली द्रव्ये असावयाची. शाळेचे रसायनांचे कपाट, रस्त्याकडेचे गॅरेज, सोनाराची आम्लाची बाटली, कपडे कोरडे धुणाऱ्याचा द्राव या गोष्टी तर आपल्या प्रत्येक गावात आहेत.

आपल्याकडे या बाबतीत कायदा झाला तो एका भीषण प्रसंगानंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथे कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि झोपेत असलेली हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्या कायद्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. २००८ मध्ये ते नव्याने लिहिले गेले, आणि पुन्हा एप्रिल २०१६ मध्ये त्यांना नवे रूप देण्यात आले. रुग्णालयातील कचरा, किरणोत्सारी पदार्थ, विजेची जुनी उपकरणे आणि बॅटऱ्या यांच्यासाठी निराळे नियम आहेत. त्यामुळे आपला कचरा नेमका कोणत्या नियमाखाली येतो, हे ठरविणे ही पहिली पायरी होय.

भोपाळची गोष्ट त्या रात्रीपाशी संपली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कारखाना बंद पडला, पण त्याच्या आवारात कीटकनाशकांचे अवशेष आणि दूषित माती वर्षानुवर्षे तशीच राहिली. त्यांतील सुमारे ३३७ टन कचरा हलविण्यास २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. बंद वाहनांतून तो पीथमपूरला नेला आणि तेथील भट्टीत त्याच वर्षी जाळण्यात आला. ज्याची विल्हेवाट काही महिन्यांत लागू शकली, तो कचरा चाळीस वर्षे पडून होता. तो कोणाचा, तो कोणी न्यावा, त्याचा खर्च कोणी सोसावा, या वादात एक पिढी निघून गेली. धनी नसलेला कचरा किती काळ जिवंत राहतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या देशात सापडणार नाही.

आता नियमांकडे वळू. नियमांच्या मराठी भाषांतरात 'भोगवटादार' हा शब्द वापरतात. सातबाराचा उतारा ज्याने पाहिला आहे, त्याला हा शब्द नवा नाही. जमीन ज्याच्या ताब्यात तो जसा जमिनीचा भोगवटादार, तसा कारखाना, कार्यशाळा किंवा प्रयोगशाळा ज्याच्या ताब्यात तो तेथे निर्माण होणाऱ्या घातक कचऱ्याचा भोगवटादार. जमिनीच्या उताऱ्यावर आपले नाव चढावे म्हणून माणूस तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. येथे मात्र नाव चढू नये अशीच त्याची इच्छा असते. नियमांची खरी अडचण ही आहे.

भोगवटादाराने प्रथम आपल्या राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करावयाचा असतो. महाराष्ट्रात हे मंडळ १९७० साली आणि कर्नाटकात १९७४ साली स्थापन झाले. अर्जासाठी 'नमुना १' ठरलेला आहे. आपल्याकडे कोणत्या प्रक्रियेतून कोणता कचरा निघतो, वर्षाकाठी किती निघतो, तो कोठे साठविला जाईल आणि पुढे कोणाकडे जाईल, हे त्यात लिहावयाचे. अर्ज पूर्ण असेल तर मंडळाने १२० दिवसांत निर्णय द्यावा, असे नियम सांगतो. मिळालेले अधिकारपत्र पाच वर्षे चालते. पण अधिकारपत्र भिंतीवर टांगले म्हणजे काम झाले असे नाही. रोजच्या कचऱ्याची नोंदवही ठेवावी लागते आणि एप्रिल ते मार्च या वर्षाचा हिशेब पुढच्या ३० जूनपर्यंत मंडळाला सादर करावा लागतो.

या कागदांकडे कपाळाला आठ्या घालून पाहणारे पुष्कळ आहेत. परंतु या नोंदवहीचा पहिला लाभ मंडळाला होत नाही, भोगवटादाराला होतो. वर्षभरात किती द्राव विकत घेतला आणि किती टाकला, हे दोन आकडे शेजारी मांडले की बहुधा डोळे उघडतात. स्वस्त पडतो म्हणून आणलेला मोठा डबा अर्धा संपतो आणि उरलेला अर्धा मुदत टळल्यावर कचरा होतो. त्याच्या विल्हेवाटीचा खर्च वाचलेल्या पैशाच्या वर जातो. म्हणूनच नियमांनी जो क्रम सांगितला आहे, त्यात कचरा होऊच न देणे हे पहिले, तो कमी करणे दुसरे, मग पुन्हा वापरणे आणि त्यातून नवे काही काढणे, आणि नाश करणे अगदी शेवटचे. बुद्धिमान गृहिणी वाणसामान ज्या हिशेबाने भरते, तोच हिशेब येथे उपयोगी पडतो.

यापुढचा भाग हाताळणीचा. येथे चूक झाली तर दंडाच्या आधी प्राण जातो. प्रत्येक प्रकारचा कचरा वेगळ्या भांड्यात ठेवावयाचा, हा पहिला दंडक. सायनाइडच्या द्रावात आम्ल पडले तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. नायट्रिक आम्लाच्या बाटलीत अल्कोहोल मिसळून बूच घट्ट लावले तर आत वायू साठून बाटली फुटते. घरातही संडास धुण्याचे आम्ल आणि विरंजक द्राव एकत्र केले, तर क्लोरीन निघून माणूस गुदमरतो. क्लोरीनयुक्त द्राव इतर द्रावांपासून वेगळे ठेवावयास सांगतात, त्यालाही कारण आहे. ते जाळताना आम्ल वायू आणि विषारी संयुगे तयार होतात, म्हणून त्यांच्यासाठी भट्टीत निराळी योजना लागते. एका भांड्यात चुकून पडलेल्या कपभर द्रावामुळे सगळे भांडे महागड्या वर्गात जाते.

भांडे त्या द्रव्याने खाल्ले जाणार नाही अशा पदार्थाचे असावे, ते काठोकाठ भरू नये, वर चार बोटे जागा मोकळी राहू द्यावी, आणि ओततेवेळी सोडून एरव्ही झाकण बंद असावे. उघड्या भांड्यातून द्राव उडून जाऊ देणे ही विल्हेवाट नव्हे. तो शेजाऱ्याच्या छातीत जातो, एवढेच. काही द्रव्ये तर नुसत्या वयाने भयंकर होतात. ईथरच्या जुन्या बाटलीत कालांतराने पेरॉक्साइड साठतात आणि पिक्रिक आम्ल वाळले की स्फोटक बनते. अशी विसरलेली बाटली कपाटात सापडली, तर ती उघडून पाहण्याचा मोह टाळावा आणि जाणत्या माणसाला बोलवावे.

साठवणीला मुदत आहे. सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ घातक कचरा आपल्याजवळ ठेवता येत नाही. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असणाऱ्या लहान भोगवटादारांना आणि काही विशेष प्रसंगी मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. मुदत घालण्याचा हेतू उघड आहे. जे आज कोपऱ्यात आहे ते वर्षभराने अडगळीत जाते, आणि अडगळीतील वस्तूचे नाव कोणालाच आठवत नाही.

नाव आठवावे म्हणूनच नियमाने चिठ्ठीचे स्वरूपदेखील ठरवून दिले आहे. चिठ्ठी झळझळीत पिवळ्या रंगाची, न धुतली जाणारी. तिच्यावर 'घातक कचरा' आणि 'जपून हाताळा' हे शब्द तांबड्या अक्षरांत, हिंदी, इंग्रजी आणि त्या प्रदेशाच्या भाषेत लिहावयाचे. म्हणजे मल्लेश्वरममध्ये कानडीत आणि पुण्यात मराठीत. पाठविणाऱ्याचे नाव, द्रव्याचे नाव, वजन आणि साठवणीची तारीखही तीवर असावयाची. प्रादेशिक भाषेचा हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. पिंप उचलणारा हमाल आणि फरशी पुसणारी बाई यांना रसायनाची सूत्रे वाचता येत नाहीत. धोका प्रथम त्यांनाच असतो, म्हणून तो त्यांच्या भाषेत लिहिला पाहिजे.

यानंतर कचरा दाराबाहेर पडतो. मराठ्यांच्या दप्तरांत माल एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेण्यासाठी दस्तक लागे. तसेच दस्तक या कचऱ्यालाही लागते. त्याला मॅनिफेस्ट म्हणतात आणि त्याच्या सात रंगांच्या सात प्रती नियमाने सांगितल्या आहेत. पांढरी प्रत पाठविणारा मंडळाकडे धाडतो. पिवळी प्रत वाहकाची सही घेऊन तो स्वतःजवळ ठेवतो. गुलाबी प्रत स्वीकारणाऱ्याकडे राहते. कचरा पोहोचला म्हणजे नारिंगी प्रत वाहकाला मिळते. हिरवी प्रत स्वीकारणारा मंडळाकडे पाठवितो. निळी प्रत तो मूळ पाठविणाऱ्याला परत करतो. कचरा परराज्यातून आला असेल तर करडी प्रत त्या राज्याच्या मंडळाकडे जाते. या सातांमध्ये भोगवटादाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची प्रत निळी. पिवळी प्रत सांगते की माल माझ्या दारातून गेला. निळी सांगते की तो योग्य दारात पोहोचला. निळी येईपर्यंत त्याने स्वस्थ बसू नये, कारण त्या कचऱ्यामुळे पर्यावरणाला किंवा त्रयस्थाला हानी झाली तर तिची जबाबदारी नियमाने भोगवटादारावर ठेवली आहे.

ही साखळी कोणत्याही एका कडीपाशी तुटली की काय होते, याची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. तमिळनाडूत कोडाईकनाल येथे तापमापके बनविणाऱ्या कारखान्याची पारा लागलेली फुटकी काच २००१ साली गावातील भंगाराच्या दुकानात सापडली. कारखान्याच्या फाटकातून माल बाहेर पडला. पण तो योग्य ठिकाणी गेला की नाही, हे विचारणारी नोंद नव्हती. २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कित्येक वर्षे न वापरलेले एक जुने यंत्र लिलावात विकले गेले. त्याच्या पोटात किरणोत्सारी कोबाल्ट होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडण्यात आले. अनेक जण आजारी पडले आणि एका कामगाराचा प्राण गेला. किरणोत्सारी पदार्थांचे नियम निराळे असले, तरी चूक तीच होती: यंत्राच्या आत काय आहे, याची ओळख ते यंत्र विकणाऱ्यांच्या स्मरणातून पुसली गेली होती.

तिसरी घटना तर अलीकडची. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळ सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रसायन गुपचूप नाल्यात सोडण्यात आले. त्यातून निघालेल्या वायूने शेजारच्या गिरणीतील सहा कामगार मरण पावले. तपासात त्या रसायनाचा माग महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. येथे वाहनही होते आणि वाहकही होता. पण माल जेथे न्यावयाचा तेथे तो गेला नाही. मेलेले कामगार त्या रसायनाचे धनी नव्हते की वाहक नव्हते; ते केवळ वाऱ्याच्या दिशेला होते.

अशा मालाने जावे कोठे, याची सोय देशात झालेली आहे. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे, तर कर्नाटकात तुमकुरूच्या रस्त्यावर दाबसपेठ येथे अशा सामायिक सुविधा उभारल्या गेल्या. तेथे कचऱ्याची चाचणी होते. जे जळण्याजोगे ते उच्च तापमानाच्या भट्टीत जाते, किंवा सिमेंटच्या भट्टीत इंधनाची जागा घेते. जे जळत नाही ते आधी निष्क्रिय करून, खाली अभेद्य थर घातलेल्या खड्ड्यात पुरले जाते आणि पाझरणारे पाणी गोळा करून शुद्ध केले जाते. हे पुरणे म्हणजे विसरणे नव्हे. खड्डा भरल्यावरही त्याच्यावर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

लहान धंदेवाल्याची अडचण मी जाणतो. महिन्याला दोन डबे तेल काढणाऱ्या गॅरेजवाल्याला सात रंगांची कागदपत्रे हा जुलूम वाटतो, आणि दूरच्या सुविधेपर्यंत दोन डबे नेणारे वाहन त्याला परवडत नाही. यावर उपाय आहे तो एकत्र येण्याचा. एका रस्त्यावरच्या, एका बाजारातल्या धंदेवाल्यांनी मिळून मंडळाशी बोलावे आणि अधिकारपत्र असलेल्या संकलकाशी करार करावा. दूध गोळा करण्यासाठी ज्या महाराष्ट्राने गावोगावी सहकारी संस्था उभ्या केल्या, त्याला हे काम अवघड नाही. आणि कागद खोटा भरता येतो, हेही खरे आहे. खोटी निळी प्रत मंडळाला फसवील. परंतु नाल्याला आणि विहिरीला ती फसवू शकत नाही.

घरातील माणूस या नियमांखाली अर्ज करीत नाही. तथापि फुटलेला पाऱ्याचा तापमापक, संपलेले सेल, उरलेला रंग, कीटकनाशकाचा डबा आणि मुदत टळलेली औषधे यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी 'घरगुती घातक कचरा' असे वेगळे नाव दिले. या वस्तू ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, मोरीत ओतू नयेत, जाळू नयेत. एका पेटीत बाजूला ठेवाव्यात आणि नगरपालिकेच्या संकलनात वेगळ्या द्याव्यात. आपली नगरपालिका त्या वेगळ्या घेत नसेल, तर नगरसेवकाला तसे विचारण्याचा आपला हक्क आहे.

उद्या सकाळी आपल्या शाळेच्या, कारखान्याच्या किंवा घरच्या कपाटातली एकच बाटली हातात घ्या आणि तिच्यावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत का ते पाहा: आत काय आहे, ते केव्हापासून आहे आणि ते कोणाचे आहे. त्यांतील एखादी गोष्ट लिहिलेली नसेल, तर ती ज्याला ठाऊक आहे असा माणूस अजून जवळ आहे तोवर लिहून घ्या. उरलेले नियम त्या तीन ओळींचाच विस्तार आहेत.